वाक्यांतील आडनांव

व्याकरणाच्या राज्यांत देवदत्त नांवाचा एक मनुष्य दोन हजारांहून अधिक वर्षें एकसारखा राबत आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत पतंजलीनें पाणिनीच्या सूत्रांवर महाभाष्य लिहिलें, त्या काळापासून संस्कृत वैयाकरणांचा हा देवदत्त कधीं भात शिजवितो, कधीं गांवास जातो, तर कधीं चटईवर बसतो. आणि कर्तरि प्रयोग संपून कर्मणि प्रयोग सुरू झाला, कीं तींच कामें त्याच्याकडून पुन्हां करवून घेतलीं जातात. त्याच्या जोडीला यज्ञदत्त आणि विष्णुमित्र हे दोन सोबती असतात. इतक्या दीर्घ परिचयानंतरहि या देवदत्ताचें कुळ कोणतें, मूळ गांव कोणतें, याची चौकशी कोणत्याहि विद्यार्थ्यानें कधीं केली नाहीं, आणि गुरूलाहि ती सांगण्याची गरज वाटली नाहीं.

उदाहरणाच्या वाक्यांतील मनुष्य असाच असावा लागतो. नियम नीट दिसावा म्हणून त्याला उभें केलेलें असतें. लोकांचें लक्ष त्याच्यावरच खिळलें, तर नियम बाजूला राहतो. हें मर्म सर्व देशांतील पंडितांना उमगलेलें दिसतें. अरबी व्याकरणांत झैद हा अम्राला पिढ्यान् पिढ्या मारीत आला आहे. रोमच्या कायदेपंडितांनीं टायटिअस आणि सेइअस यांच्यामध्यें शेंकडों काल्पनिक कज्जे लावून दिले. हिंदुस्थानांत १८६० सालीं दंडसंहिता तयार झाली, तिच्या दृष्टांतांत तर नांवेंहि गळून पडलीं आणि वर्णमालेंतील नुसतीं अक्षरें एकमेकांच्या चोऱ्या करूं लागलीं. मराठी मनुष्य बोलतां बोलतां 'अमका', 'तमका', 'फलाणा' किंवा 'सोम्यागोम्या' म्हणून तेंच काम भागवितो. यांतला 'फलाणा' अरबींतून फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला, यावरून अशा बिनचेहऱ्याच्या माणसाची गरज किती सार्वत्रिक आहे, हें कळून येईल.

या सगळ्या मंडळींत आडनांवाचा मनुष्य मात्र दिसत नाहीं. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. 'गोविंद आंबा खातो' हें वाक्य घ्या. त्यांत कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. याहून कांहीं नाहीं. आतां 'गोविंदराव कुळकर्णी' असें म्हणून पाहा. लगेच वाक्यांत एक गांव येतें, त्या गांवाचें दप्तर येतें, जमाबंदीचा हिशेब येतो, आणि पाठोपाठ जातहि येते. इतकेंच नव्हे, तर क्रियापदालाहि उठून उभें राहावें लागतें: 'खातो' या एकेरी रूपाचें 'खातात' असें आदरार्थी रूप होतें. एका आडनांवानें वाक्याचें व्याकरण आणि त्याबरोबर वाक्यांतील माणसाचा दर्जा, दोन्ही बदलतात. म्हणून मराठी वाक्यांत आडनांव कसें वापरलें गेलें, हा इतिहास वरवर पाहतां विभक्तिप्रत्ययांचा असला, तरी मुळांत तो माणसांच्या मानापमानाचा इतिहास आहे.

कुलनामांची ही शक्ति प्राचीन वैयाकरणांना ठाऊक नव्हती, असें नाहीं. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत वंशजवाचक प्रत्ययांचा विस्तृत विचार केलेला आहे. गर्गाचा वंशज तो गार्ग्य, आणि त्या कुळांतील स्त्री गार्गी. परंतु एकाहून अधिक, दोहोंहूनहि अधिक गार्ग्य एकत्र आले, कीं वंशजवाचक प्रत्ययाचा लोप होतो आणि त्या सर्वांना मिळून 'गर्ग' असेंच म्हटलें जातें. एकटा असतांना मनुष्य पूर्वजाहून निराळा असतो. समुदाय जमला, कीं तो पूर्वजाच्या नांवांत विलीन होतो. कुळ आणि व्यक्ति यांच्या नात्याचें इतकें मार्मिक निरीक्षण केवळ प्रत्ययाच्या लोपांतून व्हावें, ही त्या शास्त्राची थोरवी होय.

त्याच अध्यायांत पाणिनीनें दुसरा एक भेद केला आहे, आणि तो तर महाराष्ट्रासाठींच केला असावा असें वाटतें. गांवावरून माणसास नांव मिळतें, त्याचे दोन प्रकार आहेत. एक 'निवास' आणि दुसरा 'अभिजन'. मनुष्य स्वतः जेथें राहतो तो त्याचा निवास. त्याचे पूर्वज जेथें राहिले तो अभिजन. मराठींतील 'कर' शेवटाचीं असंख्य आडनांवें बहुधा या दुसऱ्या प्रकारचीं आहेत. गोपाळ गणेश आगरकर हे १८५६ सालीं सातारा जिल्ह्यांतील टेंभू येथें जन्मले. त्यांच्या आडनांवांत टेंभू नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८५० सालीं पुण्यास जन्मले, पण कोंकणांतील चिपळूण त्यांची सोबत सोडीत नाहीं. मल्हारराव माळव्यांत गेले, इंदूरचें राज्य उभें राहिलें, तरी नीरेकांठचें होळ हें लहानसें गांव 'होळकर' या शब्दांत जिवंत राहिलें. गांव सोडल्याशिवाय गांवाचें आडनांव मिळत नाहीं. होळांत सगळेच होळकर. तेथें त्या शब्दानें कोणाचीच ओळख पटणार नाहीं. म्हणजे 'कर' हा प्रत्यय स्थैर्याचा दिसला, तरी खरोखर तो स्थलांतराचा साक्षीदार आहे.

आडनांवांचा दुसरा मोठा वर्ग हुद्द्यांचा आणि वतनांचा. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे हीं नांवें गांव आणि परगणा यांच्या कारभारांतून आलीं. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस यांच्या शेवटीं असलेला 'नीस' हा फारसी भाषेंतील लिहिणारा होय. बाळाजी जनार्दन यांचें मूळ आडनांव भानू. पण फडणिशीचा हुद्दा घराण्यांत इतका मुरला, कीं इतिहासानें त्यांना नाना फडणीस या नांवानेंच ओळखलें. श्रीवर्धनच्या भट घराण्यांतील बाळाजी विश्वनाथ यांना १७१३ सालीं पेशवेपद मिळालें आणि पुढें तें पदच घराण्याचें नांव होऊन बसलें. घोरपडे हे मूळचे भोसले. घोरपडीच्या साह्यानें किल्ला चढल्यामुळें हें नांव पडलें, अशी आख्यायिका आहे. पुण्यांतील गोऱ्हे घराण्यानें पेशव्यांच्या दरबारास फुलें पुरविलीं आणि तें घराणें फुले झालें. त्याच घराण्यांत १८२७ सालीं जोतीराव जन्मले. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. आज दगडावरच्या रेघेसारखें वाटणारें आडनांव फार काळ पाण्यासारखें वाहतें होतें. गांव बदललें, हुद्दा मिळाला, पराक्रम झाला, धंदा बदलला, कीं तेंहि बदले. 'आडनांव' हा शब्दच मुख्य नांवाच्या आड असलेलें दुसरें नांव सुचवितो.

असें हें आडनांव वाक्यांत आल्यावर त्याला विभक्ति लावावयाची ती कशी? येथें मराठीचा एक विशेष दिसून येतो. भोसले, शिंदे, मोरे, शिर्के, रानडे, गोखले, दामले हीं सर्व आडनांवें एकारान्त आहेत. परंतु मराठींत एकारान्त पुल्लिंगी सामान्यनाम जवळजवळ नाहींच. 'घोडे' हें रूप आहे, पण तें 'घोडा' या शब्दाचें अनेकवचन म्हणून. व्याकरणाच्या दृष्टीनें भोसले हेंहि तसेंच 'भोसला' याचें अनेकवचन ठरतें, आणि तें एका माणसाला आदरानें लावलेलें असतें. या एकवचनाचे अवशेषहि सांपडतात. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत नागपूरच्या राजाला 'भोंसला' म्हटलेलें आढळतें. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर सरफोजी राजांनीं १८०३ सालीं मराठींत प्रचंड कुलवृत्तान्त कोरविला. त्याच्या 'भोसलवंशचरित्र' या नांवांत तर शेवटचा 'ए'कार गळून मूळ शब्द तेवढा उरला आहे. सर्वच एकारान्त आडनांवें याच मार्गानें बनलीं असें नव्हे. पण वाक्यांत आल्यावर भाषेनें त्या सर्वांना एकाच रांगेंत बसविलें. घोडे, घोड्यांनीं, तसें भोसले, भोसल्यांनीं, मोरे, मोऱ्यांनीं, रानडे, रानड्यांनीं.

याचा अर्थ असा, कीं मराठींत थोर माणूस व्याकरणदृष्ट्या कधींहि एकटा नसतो. टिळक एकच होते, पण 'टिळकांनीं' या रूपांत अनेकवचन आहे. तें काढून 'टिळकानें' असें म्हटलें, तर शब्दकोशांत न सांपडणारी शिवी तयार होते. 'अरे जोश्या', 'अरे गोखल्या' ही हांक बालमित्राच्या तोंडीं गोड लागते. तीच परक्याच्या तोंडीं भांडणाचें कारण होते. आदर आणि अनादर यांच्यामध्यें येथें एका अनुस्वाराचें अंतर आहे.

मराठेशाहीच्या पत्रव्यवहारांत यावर आणखी एक युक्ति दिसते. पत्राच्या मायन्यांत आधीं 'राजश्री', मग नांव, मग आडनांव, मग 'गोसावी' आणि सर्वांच्या शेवटीं 'यांसी' असा क्रम असे. म्हणजे विभक्तीचा भार 'यां' या सर्वनामानें आपल्या शिरावर घ्यावयाचा आणि आडनांव आपल्या मूळ रूपांत, जणूं पगडीची घडीहि न मोडतां, बसून राहावयाचें. बोलण्यांत 'होळकरांस', 'शिंद्यांस' आणि लिहिण्यांत 'होळकर यांसी', 'शिंदे यांसी', अशा दोन रीति शेजारीं शेजारीं नांदत होत्या. पहिली घरगुती, दुसरी दरबारी.

पण या दरबाराबाहेर फार मोठा समाज होता, आणि त्याच्या वाट्याला या दोन्हीं रीति आल्या नाहींत. पेशवाईच्या दप्तरांत खालच्या मानलेल्या जातींचीं माणसें येतात, तेव्हां त्यांचीं नांवें बहुधा एकेरी आणि तुटक असतात, आणि आडनांवाच्या जागीं जात लिहिलेली असते. महार समाजांतील पुरुषांच्या नांवाच्या शेवटीं 'नाक' हें पद येई. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें लढाई झाली; तेथें इंग्रजांनीं पुढें जो स्तंभ उभारला, त्यावर पडलेल्या शिपायांच्या नांवांत 'नाक' शेवटाचीं अनेक नांवें कोरलेलीं आहेत. त्या दगडावर ज्यांचें मरण नोंदलें गेलें, त्यांचें जगणें दप्तरांत आदरार्थी अनेकवचनानें क्वचितच नोंदलें गेलें होतें. ज्याला आडनांव नाहीं, त्याला 'यांसी' कोण लिहिणार?

मराठीचीं छापील व्याकरणें तयार होऊं लागलीं, तेव्हां हा सर्व वारसा लेखकांपुढें होता. गोव्यांत फादर स्टीफन्स यांनीं तेथील भाषेचें व्याकरण रचलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं राचोल येथें छापलें गेलें. याच सुमारास गोव्यांत आडनांवांची एक निराळीच उलथापालथ चालू होती. बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांना पोर्तुगीज आडनांवें मिळत होतीं, आणि पिढ्यान् पिढ्या प्रभू, पै किंवा कामत म्हणून ओळखलीं जाणारीं घराणीं डिसोझा आणि फर्नांडिस होत होतीं. पुढें १८०५ सालीं विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण श्रीरामपूर येथें निघालें. आणि १८३६ सालीं दादोबा पांडुरंग यांनीं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध केलें.

दादोबांचें आडनांव तर्खडकर. वसईजवळील तर्खड हें त्यांच्या पूर्वजांचें गांव. पण लोकांनीं त्यांना ओळखलें तें दादोबा पांडुरंग म्हणून. त्यांचे बंधु भास्कर पांडुरंग आणि आत्माराम पांडुरंग हेहि वडिलांच्याच नांवानें प्रसिद्ध झाले. त्या पिढींत ही गोष्ट अपवादाची नव्हती. जगन्नाथ शंकरशेट यांचें मुर्कुटे हें आडनांव थोड्यांनाच ठाऊक असतें. 'प्रभाकर' पत्राचे संपादक भाऊ महाजन यांचें आडनांव कुंटे होतें, हें आज सांगावें लागतें. गोपाळ हरि देशमुख 'लोकहितवादी' या टोपणनांवामागें राहिले. कर्त्याच्या जागीं अजून माणसाचें स्वतःचें नांव होतें. आडनांव नांवाप्रमाणेंच आड होतें.

पुढच्या पन्नास वर्षांत हा क्रम उलटला. शाळांचे पट, १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांच्या याद्या, कचेऱ्यांतील नोंदी आणि वर्तमानपत्रें यांनीं आडनांवाला पुढें ओढलें. इंग्रजी वळणानें माणसाचें नांव व वडिलांचें नांव यांचीं आद्याक्षरें झालीं आणि आडनांव तेवढें अखंड राहिलें. १८८१ सालीं 'केसरी' आणि 'मराठा' निघालीं. त्यानंतरच्या सार्वजनिक जीवनाची भाषा पाहिली, तर तींत टिळक बोलतात, आगरकर उत्तर देतात, रानडे समजूत घालतात आणि गोखले विनंती करतात. नुसतें आडनांव वाक्याचा कर्ता झालें. तर्खडकर या आडनांवाची गति तर आणखी पुढें गेली. इंग्रजी शिकविणाऱ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला विद्यार्थी नुसतें 'तर्खडकर' म्हणूं लागले. दादोबांनीं ज्या आडनांवाशिवाय आयुष्य काढलें, तें आडनांव पुस्तकाचें सामान्यनाम बनलें.

मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं प्रसिद्ध झालें. हा ग्रंथ जाणते लोक 'दामल्यांचें व्याकरण' म्हणून ओळखतात, आणि या दोन शब्दांतच एकारान्त नामाच्या सामान्यरूपाचा धडा पुरा होतो. त्याच घराण्यांतील त्यांचे बंधु कृष्णाजी यांनीं मात्र कवितेसाठीं आडनांव बाजूला ठेविलें आणि वडिलांच्या नांवावरून 'केशवसुत' हें नांव घेतलें. एका भावानें भाषेचे नियम आडनांवानिशीं सांगितले. दुसऱ्यानें भाषेला नवें वळण दिलें तें आडनांव सोडून.

शाळेच्या पुस्तकांतील उदाहरणांत मात्र राम, गोविंद, गोपाळ, हरि हीच मंडळी राहिली. यांत एक शहाणपण होतें. गोविंद ब्राह्मणाच्या घरीं असतो, कुणब्याच्या घरीं असतो, माळ्याच्या घरींहि असतो. त्याच्यापुढें आडनांव लावलें असतें, तर वर्गांतील अर्ध्या मुलांना तो परका वाटला असता. आडनांवाच्या अभावानें उदाहरणाचें वाक्य सर्वांसाठीं खुलें राहिलें. तथापि त्या खुलेपणालाहि मर्यादा होती. गोविंद सर्वांचा असला, तरी 'तो पोथी वाचतो' आणि 'तो नांगर धरतो' या दोन वाक्यांतील गोविंद एक नव्हे, हें मुलांना कोणी सांगावें लागत नसे. आडनांव दारांतून बाहेर घातलें, तरी क्रियापदाच्या खिडकींतून तें डोकावत असे.

विसाव्या शतकांत वाक्यांतील आडनांवाची तिसरी रीत रूढ होऊं लागली. 'रानड्यांनीं' ही पहिली, 'रानडे यांनीं' ही दुसरी, तिसरी 'रानडेंनीं'. हींत ना सामान्यरूप, ना मध्यें सर्वनाम. मूळ आडनांव जसेंच्या तसें ठेवून त्यावर अनुस्वार द्यावयाचा आणि पुढें प्रत्यय जोडावयाचा. शुद्धलेखनाच्या अभिमान्यांना हें रूप खटकतें, आणि त्यांचें म्हणणें निराधार नाहीं. सामान्यरूप हें मराठीचें कुळाचार आहे. 'घोडेंनीं' असें कोणी म्हणत नाहीं, मग 'गोखलेंनीं' कां म्हणावें? १९६२ सालापासून शासनमान्य झालेल्या मराठी लेखननियमांचा कौलहि याच बाजूनें आहे. एकारान्त नामाचें सामान्यरूप याकारान्त करावें, असा तो नियम आहे, आणि त्याच्या उदाहरणासाठीं जे शब्द निवडले, त्यांत 'करणें' या क्रियावाचक नामाच्या शेजारीं एक आडनांव बसविलें आहे: फडके, फडक्यांना. देवदत्ताच्या आसनावर आडनांव बसल्याचें हें ठळक उदाहरण होय. सरकारविरुद्ध शस्त्र उचलून १८८३ सालीं एडनच्या तुरुंगांत मरण पावलेले वासुदेव बळवंत कीं कादंबरीकार ना. सी., यांपैकीं हे फडके कोण, याची नियमाला पर्वा नाहीं. तो फडके देवदत्तासारखाच केवळ नियमासाठीं उभा आहे.

पण नव्या रीतीच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे. 'साठ्यांनीं' या रूपावरून मूळ आडनांव साठे कीं साठ्ये, हें ठरवितां येत नाहीं. आणि ज्याचें तें आडनांव आहे, त्याला हा फरक क्षुल्लक वाटत नाहीं. 'काळ्यांनीं', 'कोल्ह्यांनीं', 'लांडग्यांनीं' हीं रूपें व्याकरणानें निर्दोष आहेत. परंतु 'सभेचें अध्यक्षस्थान लांडग्यांनीं स्वीकारलें' असें वाचून हंसूं आल्यास वाचकाचा दोष नाहीं. शाळेचा पट, मतदारांची यादी, बँकेचें पुस्तक यांत नांव एकदां ज्या अक्षरांनीं नोंदलें गेलें, तींच अक्षरें सर्वत्र दिसावींत, ही नागरिकाची अपेक्षा आहे. जुन्या गांवांत माणूस चेहऱ्यानें ओळखला जाई, म्हणून त्याचें आडनांव वाक्याप्रमाणें वळलें तरी चाले. शहरांत त्याला कागद ओळखतो, आणि कागदाला वळलेलें नांव कळत नाहीं. 'शिंदेंनीं' हें रूप आजच्या वर्तमानपत्रांत सर्रास दिसतें, त्याचें मूळ केवळ अज्ञानांत नाहीं. जीवनाच्या पालटलेल्या रीतींत आहे.

तरीहि जुन्या सामान्यरूपानें एक सूक्ष्म काम केलें आहे, तें विसरूं नये. त्यानें सामान्यनाम आणि आडनांव यांच्यामध्यें सीमा आंखून दिली. 'नातू' हें नातें असेल, तर 'नातवानें'. आडनांव असेल, तर 'नातूंनीं'. फूल या शब्दाचें अनेकवचन फुलें. त्याचें सामान्यरूप 'फुलांनीं'. पण आडनांव झालेलें फुले 'फुल्यांनीं' असें चालतें. फुलांनीं देव सजविला. फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. आडनांव फुलांपासून जन्मलें खरें, पण भाषेनें त्याला फुलांत राहूं दिलें नाहीं. माणसांच्या रांगेंत आणून उभें केलें.

स्त्रियांच्या बाबतींत मात्र भाषेनें हात आंखडता घेतला. पाटलाची बायको पाटलीण, जोशाची जोशीण, गुरवाची गुरवीण; म्हणजे आडनांव तिच्यापर्यंत पोंचे तें नवऱ्याच्या हुद्द्याची सावली म्हणून. पुढें शिक्षणाबरोबर रमाबाई रानडे, सावित्रीबाई फुले, लक्ष्मीबाई टिळक अशीं पूर्ण नांवें लिहिलीं जाऊं लागलीं. तरी 'रानड्यांनीं सांगितलें' या वाक्यांतील कर्ता रमाबाई असूं शकतात, हें ऐकणाऱ्याच्या मनांत सहसा येत नाहीं. स्त्रीचें नांव आधीं घ्यावें लागतें. नाहींतर 'बाई' किंवा 'काकू' या शब्दाचा टेंकू द्यावा लागतो. 'जोशीकाकूंनीं' या गोड रूपांत विभक्ति काकूला लागते आणि जोशी हें आडनांव अलिप्त राहतें. नुसत्या आडनांवानें वाक्याचा कर्ता होण्याचा मान फार काळ पुरुषाकडेच राहिला.

या सर्व इतिहासाचा कस एका आडनांवांत पाहावयास मिळतो. कोंकणांतील आंबडवे हें गांव. तेथील सकपाळ घराण्यांतील रामजी हे लष्करांत सुभेदार झाले. त्यांचे चिरंजीव भीमराव १८९१ सालीं जन्मले आणि १९०० सालीं साताऱ्याच्या शाळेंत दाखल झाले. गांवावरून आलेलें आंबडवेकर हें नांव शाळेच्या दप्तरांत आंबेडकर असें स्थिरावलें. 'कर' शेवटाचें हें नांव पाणिनीच्या अभिजनाच्या व्याख्येंत तंतोतंत बसतें: मनुष्याचा जन्म महू येथें, शाळा साताऱ्यास, आणि आडनांवांत पूर्वजांचें गांव. ज्या समाजाच्या माणसांना दप्तरांत नाकान्त नांव आणि जात एवढेंच मिळत होतें, त्याच समाजांतील एका पुरुषाविषयीं, 'आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडला सत्याग्रह केला', 'आंबेडकरांनीं घटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद सांभाळलें', अशीं वाक्यें मराठी मुलें आज शाळेंत लिहितात. त्या वाक्यांतील 'नीं' हा प्रत्यय परीक्षकाच्या दृष्टीनें तृतीयेच्या अनेकवचनाचा. इतिहासाच्या दृष्टीनें तो एका मोठ्या लढ्याचा विजय आहे. कारण एकवचनांतून अनेकवचनांत जाण्यास त्या नांवाला शेंकडों वर्षें लागलीं.

म्हणून 'रानड्यांनीं' शुद्ध कीं 'रानडेंनीं' शुद्ध, हा वाद व्याकरणकारांनीं अवश्य चालवावा. त्याला अर्थ आहे. पण तो चालवितांना एवढें ध्यानांत ठेवावें, कीं दोन्ही रूपांत अनेकवचनाचा अनुस्वार आहे. सामान्यरूप गेलें, सर्वनाम गेलें, तरी मराठी मनुष्यानें तो आदराचा बिंदु सोडलेला नाहीं. एके काळीं तो थोड्यांच्या माथ्यावर होता. आज कोणत्याहि आडनांवाचा मनुष्य, मग तें आडनांव गांवावरून आलेलें असो, हुद्द्यावरून असो, नाहीं तर कोण्या प्राण्यावरून असो, वाक्यांत आल्यावर त्या बिंदूचा हक्कदार असतो. देवदत्ताला कुळ नव्हतें, म्हणून तो सर्वांना चालला. आडनांवाच्या माणसाला कुळ असूनहि तो सर्वांना चालावा, त्याचें नांव वाचतांच वाक्यावरचें लक्ष उडून त्याच्या जातीकडे जाऊं नये, ही स्थिति ज्या दिवशीं येईल, त्या दिवशीं उदाहरणाच्या वाक्यांत कोणतेंहि आडनांव घालण्यास हरकत राहणार नाहीं.